कंपनीची गुपितं, ऑडिटरच्या हाती

२००७च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडच्या वॉशिंग्टन नावाच्या गावातून दोन सीडी लंडनला निघाल्या. पाठवणारं होतं ब्रिटनचं महसूल खातं आणि मागवणारं नॅशनल ऑडिट ऑफिस, म्हणजे तिथलं ‘कॅग’. सीडींवर बालभत्ता घेणाऱ्या साडेबहात्तर लाख कुटुंबांची नोंद होती. अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील. पाकीट साध्या अंतर्गत टपालानं गेलं. ना पोचपावती, ना माग काढण्याची सोय. ते पोचलं नाही आणि पुढे कधी सापडलंही नाही. सीडींना पासवर्ड होता, पण आतली माहिती कूटबद्ध केलेली नव्हती. २० नोव्हेंबरला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना संसदेत उभं राहून हे सांगावं लागलं आणि महसूल खात्याचे प्रमुख पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला.

चर्चा झाली ती हरवलेल्या पाकिटाची. शिकण्यासारखं जे होतं ते त्याआधीच्या पत्रव्यवहारात होतं. ऑडिट ऑफिसला एवढी माहिती नकोच होती. नमुना निवडण्यापुरती यादी द्या, बँक खाती आणि पत्ते वगळा, असं त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये कळवलं होतं. वगळण्याचं काम बाहेरच्या संगणक कंत्राटदाराकडून करून घ्यावं लागलं असतं, त्याला खर्च आला असता, म्हणून खात्यानं आहे ती अख्खी फाइल देऊन टाकली. मार्चमध्ये ती सुखरूप गेली आणि परतही आली. एकदा निभावलं की तीच पद्धत होऊन बसते. ऑक्टोबरात त्याच पद्धतीनं घात केला.

बाहेरच्या लेखापरीक्षकाला गोपनीय आर्थिक कागदपत्रं कशी द्यावीत, हा प्रश्न कंपन्या सहसा आयटी विभागाकडे ढकलतात. कुठलं पोर्टल घ्यायचं, कुठलं एन्क्रिप्शन, एवढ्यावर बैठक संपते. गेल्या दोन दशकांतली गाजलेली प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली तर मात्र कुलुपाचा दर्जा हा दुय्यम मुद्दा वाटू लागतो. किती दिलं, कोणाच्या हातून दिलं आणि दिल्याची नोंद कुठे राहिली, यावर बहुतेक गोष्टी ठरलेल्या दिसतात. आणि धोका दोन्ही बाजूंनी असतो. कागद बाहेर फुटू शकतो, तसा वाटेत बदलूही शकतो. पहिल्या धोक्यावर परिसंवाद होतात. दुसऱ्यानं कंपन्या बुडवल्या आहेत.

भारतात ‘द्यायचं की नाही’ हा प्रश्नच कायद्यानं निकालात काढला आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १४३ प्रमाणे लेखापरीक्षकाला कंपनीच्या हिशेबवह्या आणि व्हाउचर कधीही पाहण्याचा हक्क आहे, मग ती नोंदणीकृत कार्यालयात असोत की आणखी कुठे. अधिकाऱ्यांकडून माहिती आणि खुलासे मागण्याचाही हक्क आहे. ‘हे फार गोपनीय आहे’ हे कारण त्याच्यापुढे चालत नाही. उलट बाजूनं १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानं त्याच्या तोंडाला कुलूप घातलं आहे. कामाच्या ओघात कळलेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याची गरज नसताना, दुसऱ्याला सांगणं हे त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या पहिल्या भागाच्या पहिल्याच कलमात व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. एकाला पाहण्याचा पूर्ण हक्क आणि त्यालाच बोलण्याची बंदी, या दोन टोकांमध्ये कागद नेमका कसा प्रवास करतो, याबद्दल मात्र कायदा फारसा बोलत नाही. सारी गडबड त्या मोकळ्या जागेत होते.

ती गडबड पाहायची तर एप्रिल-मेमध्ये कुठल्याही मध्यम कंपनीच्या अकाउंट्स विभागात जावं. सीएच्या ऑफिसातून रिक्वायरमेंट लिस्ट आलेली असते: बँक स्टेटमेंट, कर्जाचे करार, पगारपत्रक, स्टॉकच्या याद्या, संचालक मंडळाची इतिवृत्तं, चालू दाव्यांची माहिती. मागे लागणारी असतात आर्टिकलशिप करणारी वीस-बावीस वर्षांची मुलं. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार असतो. ‘सर, फक्त हे एक स्टेटमेंट पाठवा ना’ म्हणून निरोप येतो आणि पाच मिनिटांत पीडीएफ जाते. मोठी फाइल असेल तर गूगल ड्राइव्हवर, ‘लिंक असेल त्या कोणालाही दिसेल’ या सोयीवर. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हमध्ये. ऑडिट संपतं, मुलं दुसऱ्या फर्ममध्ये जातात, ग्रुप तसाच राहतो, लिंक चालू राहते आणि पेन ड्राइव्ह कोणाच्या तरी बॅगेत असतो. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन चांगलं आहे, हे खरंच. वाटेत कोणी संदेश वाचू शकत नाही. पण वाटेतल्या चोराची भीती इथे मुळात फार नव्हती. भीती होती पोचलेल्या प्रतींची, आणि त्या आता पंधरा फोनच्या गॅलरीत, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडून आहेत.

पासवर्डची गोष्ट याहून मजेदार. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणपत्राची पीडीएफ उघडते ती पॅन आणि जन्मतारीख जोडून. कंपनी असेल तर जन्मतारखेच्या जागी स्थापनेची तारीख. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की अनेक कार्यालयं स्वतःच्या फाइलींनाही तोच पासवर्ड लावतात. कंपनीचा पॅन तिच्या जीएसटी क्रमांकाच्या पोटातच असतो, तिसऱ्या ते बाराव्या अक्षरापर्यंत, आणि जीएसटी क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असतो. स्थापनेची तारीख कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते. म्हणजे चहाच्या पुरवठादारालाही ती फाइल उघडता यावी. एक्सेलमधलं ‘शीट प्रोटेक्ट’ हे तर एन्क्रिप्शनच नव्हे. ते चुकून कोणी सूत्र पुसू नये एवढ्यापुरतं आहे. फाइल उघडायलाच पासवर्ड लावला, तर मात्र हल्लीचं एक्सेल ती खरोखर कूटबद्ध करतं. झिप फाइलला चांगला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं बाहेरून वाचता येतात, त्यामुळे नाव बोलकं असलं की निम्मी बातमी तिथेच फुटते. आणि पासवर्ड दुसऱ्या ईमेलनं त्याच पत्त्यावर पाठवणं, ही प्रथा कोणी आणि कशासाठी सुरू केली ते कळत नाही. मेलबॉक्स ज्याच्या हाती लागला त्याला दोन्ही मेल मिळतात.

एक्सेलची आणखी एक खोड आहे, लपवलेलं पान. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलानं ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून साधा तक्ता दिला. त्याच फाइलमध्ये लपून राहिलेल्या पानावर दलातल्या सगळ्यांची, सुमारे दहा हजार जणांची, आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड केला. तिथे ऑडिटरचा संबंध नव्हता. पण पगारपत्रकाची ‘सारांश’ फाइल ऑडिटरला पाठवताना मागच्या पानावर प्रत्येक कर्मचाऱ्याचा आधार क्रमांक राहून जाणं हे त्याच जातीचं आहे, आणि ते पकडायला कुठलंही महागडं साधन लागत नाही. पाठवण्याआधी दुसऱ्या कोणी तरी फाइल उघडून पाहिली की पुरतं.

मोठ्या ऑडिट फर्मनी यावर उपाय म्हणून स्वतःची पोर्टलं उभारली. डेलॉइट कनेक्ट, ईवाय कॅनव्हास क्लायंट पोर्टल, केपीएमजी क्लारा अशी त्यांची नावं. कल्पना सरळ आहे. मागणी तिथेच नोंदवायची, कागद तिथेच चढवायचा, कोणी कधी पाहिला याची नोंद आपोआप राहते, मुदत संपली की दार बंद. ज्यांना फर्मच्या घरात आपला माल ठेवायचा नाही त्यांच्यासाठी डेटा रूम आहेत. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत त्या आधीपासून वापरल्या जात होत्या. कागद फक्त पडद्यावर दिसतो, छापता किंवा उतरवता येत नाही, प्रत्येक पानावर पाहणाऱ्याचं नाव जलचिन्हासारखं उमटतं. ऑडिटरला मात्र हे अर्धवटच चालतं. पुरावा म्हणून काही प्रती त्याला स्वतःच्या फाइलमध्ये ठेवाव्याच लागतात, त्यामुळे ‘फक्त पाहा, घेऊ नका’ हा नियम ऑडिटच्या कामात शेवटपर्यंत पाळता येत नाही.

आणि पोर्टल म्हणजे अभेद्य किल्ला, असंही नाही. फाइली सुरक्षित पाठवण्यासाठीच विकलं जाणारं ‘मूव्हइट’ हे सॉफ्टवेअर मे २०२३ च्या अखेरीस क्लॉप नावाच्या टोळीनं फोडलं. दोष जुन्याच प्रकारचा होता, एसक्यूएल इंजेक्शन: फॉर्मच्या रकान्यात आज्ञा घुसवून डेटाबेसकडून हवं ते काढून घेणं. बाधितांच्या यादीत प्राइसवॉटरहाउसकूपर्स आणि अर्न्स्ट अँड यंग या जगातल्या चार बड्यांपैकी दोन फर्म होत्या. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये ॲक्सेलियन कंपनीचं फाइल पाठवण्याचं साधन फुटलं होतं. ते सुमारे वीस वर्षं जुनं होतं आणि कंपनी स्वतःच ग्राहकांना ते सोडून नवं घ्या असं सांगत होती. त्यात सापडलं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचं ऑडिटर कार्यालय. (हेही वॉशिंग्टनच, योगायोग.) बेरोजगार भत्त्यात कोट्यवधी डॉलरचे खोटे दावे कसे मंजूर झाले, याची ते तपासणी करत होतं. त्यासाठी रोजगार खात्याकडून दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती घेतली होती, बँक खाती आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकांसकट. ज्यांच्या नावानं आधी भामट्यांनी भत्ता उचलला, त्यांच्यातल्या काहींचीच माहिती आता तपासनीसाच्या हातून गेली.

खुद्द डेलॉइटचं उदाहरण सगळ्यांत साधं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ‘गार्डियन’नं बातमी दिली की फर्मच्या जागतिक ईमेल यंत्रणेत हल्लेखोर काही महिने वावरत होते. शिरकाव झाला होता तो एका प्रशासक खात्यातून, ज्याला एकच पासवर्ड होता. फोनवर येणाऱ्या दुसऱ्या खुणेची पायरीच नव्हती. सायबर सुरक्षेचा सल्ला विकणारी ही फर्म. मोजक्याच अशिलांना झळ बसली असं फर्मनं सांगितलं. कंपनीच्या आयटी प्रमुखानं ऑडिटरला विचारायचा पहिला प्रश्न त्यातून तयार होतो: तुमच्याकडे प्रत्येक खात्याला दोन पायऱ्यांची ओळख आहे का? हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. ऑडिटरला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तपासणारा तो, आपण तपासले जाणारे, ही उतरंड मनात पक्की असते. एंगेजमेंट लेटरवर मात्र दोघांच्या सह्या असतात, आणि त्यात फी, मुदत, जबाबदाऱ्या यांच्या जोडीला कागद कुठे ठेवाल, कोण पाहील, फुटल्यास किती तासांत कळवाल, हे लिहून घ्यायला कोणी अडवलेलं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. ऑडिटरनं कंपनीला दोन आठवड्यांनी सांगितलं, तर कंपनी उपाय तरी कधी करणार?

आता दुसरा धोका, आणि तो जास्त खोल आहे.

७ जानेवारी २००९ ला ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँक स्टेटमेंट आणि मुदतठेवींच्या पावत्या बनावट होत्या. ऑडिटरनं बँकेकडून शिलकीची खातरजमा करून घ्यायची असते. ते पत्र ऑडिटरनं स्वतः बँकेला पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायचं, हा नियम जुना आहे. अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्मना एकूण ७५ लाख डॉलरचा दंड केला. त्यांनी दाखवलेली उणीव अशी की पत्रं पाठवणं आणि उत्तरं आणणं हे काम ऑडिटरनं सत्यमच्याच लोकांवर सोडलं होतं. काही बँकांकडून थेट आलेल्या उत्तरांत वेगळेच आकडे होते, त्यांचाही पाठपुरावा झाला नाही. कागद गोपनीय राहिला होता, वाटेत कुठे फुटला नव्हता. फक्त खोटा होता.

इटलीच्या पार्मालाट या दुग्धकंपनीत २००३ साली हेच. केमन बेटांवरच्या उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत ३.९५ अब्ज युरो असल्याचं पत्र बनावट निघालं. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो जून २०२० मध्ये हवेत विरले. फिलिपिन्सच्या ज्या दोन बँकांच्या नावानं कागद दाखवले जात होते, त्यांनी ही कंपनी आमची ग्राहकच नाही आणि कागद खोटे आहेत असं सांगितलं.

या मालिकेतलं सर्वांत बोलकं प्रकरण आयोवा राज्यातल्या पेरेग्रीन फायनान्शियल ग्रुप या दलाली कंपनीचं आहे. तिचे मालक रसेल वासेनडॉर्फ यांनी सुमारे वीस वर्षं बँक स्टेटमेंट घरगुती साधनांनी तयार केली: स्कॅनर, प्रिंटर, एक्सेल, फोटोशॉप. नियामकाला बँकेचा म्हणून जो पत्ता दिला होता ती त्यांचीच पोस्टाची पेटी होती. तपासनीस पत्र टाकायचे, उत्तर यायचं, आकडे जुळायचे. २०१२ मध्ये नियामकानं कागदी पत्रं सोडून थेट बँकेच्या यंत्रणेतून इलेक्ट्रॉनिक खातरजमा घ्यायचं ठरवलं. वासेनडॉर्फ टाळाटाळ करत राहिले, अखेर जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर संमती द्यावी लागली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ग्राहकांचे २० कोटी डॉलरहून जास्त नाहीसे झाले होते. शिक्षा झाली ५० वर्षांची. वीस वर्षांत जे कोणा हुशार तपासनिसाला जमलं नाही, ते वाट बदलल्याबरोबर काही दिवसांत झालं. त्यासाठी कुठलंही नवं गणित लागलं नाही. मधला माणूस गेला, एवढंच.

मुंबईनं या धड्याची आपली आवृत्ती दोनदा अनुभवली. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्ट या आंतरबँक संदेशयंत्रणेवरून हमीपत्रं जात होती, पण बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत, म्हणजे कोअर बँकिंगमध्ये, त्यांची नोंद होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. ऑडिटरला कोअर बँकिंगमध्ये डोकावू दिलं तरी त्याला दिसणार काय? फेब्रुवारी २०१८ मध्ये घोटाळा उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेनं दोन्ही जोडण्यासाठी एप्रिलअखेरची मुदत दिली. दीड वर्षानं भांडुपच्या पीएमसी बँकेची पाळी आली. तिथे एचडीआयएल या बांधकाम कंपनीशी संबंधित ४४ बड्या कर्जखात्यांवर पांघरूण घालण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली होती. ही खाती कोअर बँकिंगमध्ये नव्हतीच; तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत फक्त त्यांची भर होती. यादी तयार करून देणं आणि मूळ यंत्रणेत पाहू देणं, यातलं अंतर किती महाग पडतं ते पीएमसीच्या ठेवीदारांना विचारावं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांना सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते.

म्हणून ऑडिटरला ‘फक्त वाचण्यापुरता’ प्रवेश देण्याची पद्धत दोन्ही धोक्यांवर एकदम काम करते, आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. बँकांच्या शाखा-ऑडिटमध्ये ती रुळलेली आहे. मार्च संपला की ऑडिटर शाखेत येतो, त्याला कोअर बँकिंगचा स्वतंत्र यूजर आयडी मिळतो, त्यावर नोंदी पाहता येतात, बदलता येत नाहीत. फाइल बाहेर जात नाही, त्यामुळे फुटण्याची वाट अरुंद होते. यादी कोणी मधे बसून बनवत नाही, त्यामुळे बदलण्याची वाटही अरुंद होते. अट एकच, काम संपल्यावर तो आयडी बंद करणं. ते राहून जातं, आणि मागच्या वर्षीच्या ऑडिटरचा आयडी यंदाच्या जुलैतही चालतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा मागोवा सक्तीचा झाला आहे, आणि तो वर्षभर चालू होता का, यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. टॅलीनं त्यासाठी एडिट लॉगची वेगळी आवृत्ती काढली. पेन ड्राइव्हवरच्या बॅकअपपेक्षा हा मागोवा थेट यंत्रणेत जाऊन पाहण्यात जास्त अर्थ आहे, हे वेगळं सांगायला नको.

उलट दिशेनं येणाऱ्या कागदाचीही सोय आता झाली आहे. सीएच्या नावानं खोटी प्रमाणपत्रं फिरत असत. २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीच्या झालेल्या अठरा अंकी-अक्षरी ‘यूडिन’मुळे बँक अधिकाऱ्याला सीए इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ते प्रमाणपत्र खरं की खोटं हे पाहता येतं. रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत खातेदाराच्या संमतीनं बँकेचा तपशील डिजिटल सहीसकट थेट मागणाऱ्याकडे जातो. आजवर तिचा वापर मुख्यतः कर्ज देताना झाला. ऑडिटला तिचा उपयोग किती होऊ शकेल, याचा विचार लेखापरीक्षकांनी अधिक गांभीर्यानं करायला हरकत नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बाबतीत कागदाला वेळेचं मोलही असतं. तिमाही निकाल जाहीर होण्याआधी ते आकडे ऑडिटरकडे असतात. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अशी अप्रकाशित माहिती ज्यांना दिली त्या प्रत्येकाचं नाव आणि पॅन कंपनीला आपल्याच डिजिटल नोंदवहीत तारीख-वेळेसह टाकावं लागतं, आणि ही नोंदवही बाहेरच्या कोणाकडे सोपवता येत नाही. नोंद किमान आठ वर्षं जपायची. ऑडिट फर्मचे भागीदार त्यात असतात, पण चालू तिमाहीत आकडे टाइप करणारा आर्टिकल असतो का, हे कंपनी सचिवांना खासगीत विचारून पाहावं. २०१७ मध्ये डझनभर बड्या कंपन्यांचे आकडे निकालाआधी व्हॉट्सॲपवर फिरत असल्याची बातमी ‘रॉयटर्स’नं दिली. सेबीनं चौकशी केली, काही जणांना दंडही केला. पण माहिती मुळात कंपनीतून फुटली हे सिद्ध झालं नाही म्हणून रोखे अपील न्यायाधिकरणानं २०२१ मध्ये ते आदेश रद्द केले. संदेश पुढे पुढे ढकलला गेला की त्याचा उगम शोधणं किती अवघड, याचं हे कागदोपत्री उदाहरण.

शिवाय काही गळतींपुढे सगळी यंत्रणा हात टेकते. लॉस एंजेलिसमध्ये केपीएमजीचे वरिष्ठ भागीदार असलेले स्कॉट लंडन हर्बलाइफ आणि स्केचर्स या कंपन्यांच्या ऑडिटचे प्रमुख होते. त्यांनी गोल्फच्या मित्राला निकालांच्या बातम्या फोनवर सांगितल्या आणि बदल्यात रोख पैसे, महागडं घड्याळ असं घेतलं. २०१३ मध्ये हे उघड झाल्यावर केपीएमजीनं दोन्ही कंपन्यांचं ऑडिट सोडलं. लंडन यांना पुढे चौदा महिन्यांची कैद झाली. कुठलीही फाइल कुठे गेली नव्हती.

सीमेपलीकडचा प्रश्न राजकारणाचा आहे. चीननं आपल्या कंपन्यांचे ऑडिटचे कामाचे कागद अमेरिकी नियामकाला दाखवायला वर्षानुवर्षं नकार दिला. कारण सांगितलं राष्ट्रीय गुपितांचं. अमेरिकेनं २०२० मध्ये कायदा करून असल्या कंपन्यांना बाजारातून काढण्याची धमकी दिली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला आणि अमेरिकी निरीक्षकांनी हाँगकाँगमध्ये बसून कागद तपासले. भारतानं इतकी ताणाताणी केलेली नाही. इथे २०२२ पासून एवढंच बंधन आहे की इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घेतली गेली पाहिजे. परदेशी मूळ कंपनीच्या ऑडिटरला पुण्याच्या उपकंपनीचे कागद पाठवायचे असतील तर ते पाठवता येतात. अडचण येते ती युरोपातल्या कर्मचाऱ्यांची नावं त्यात असली की, कारण मग तिकडचे नियमही लागू होतात.

ऑडिट संपल्यावर काय, याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. लेखापरीक्षणाच्या दर्जामानकाप्रमाणे अहवालावर सही झाल्यापासून साधारण साठ दिवसांत ऑडिट फाइल बांधून पूर्ण करायची आणि किमान सात वर्षं जपायची. त्यामुळे ‘काम झालं, सगळं पुसून टाका’ असं कंपनी ऑडिटरला सांगू शकत नाही. पण फाइलमध्ये पुरावा म्हणून लागणारे कागद आणि वाटेत गोळा झालेल्या प्रती, यांत फरक आहे. आर्टिकलच्या लॅपटॉपवरचं डाउनलोड फोल्डर, ड्राइव्हवरची लिंक, मेलमधली जोडपत्रं यांना सात वर्षांचं संरक्षण नाही. त्यांना ठेवण्याचं कारणही नाही. लहान फर्ममध्ये हा फरक क्वचितच केला जातो, कारण तिथे फाइल आणि प्रत एकाच संगणकाच्या एकाच फोल्डरमध्ये राहतात आणि बॅकअपही सगळ्याचा मिळून एकच होतो. त्यात आता एक नवी सवय शिरली आहे. शंभर पानी कर्जकरार वाचायचा कंटाळा येतो, मग तो एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये टाकून ‘अटींचा सारांश दे’ म्हणायचं. २०२५ च्या जानेवारीत केंद्रीय अर्थ मंत्रालयानं आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं, कारण सरकारी कागदपत्रांची गोपनीयता. खासगी ऑडिट फर्मपैकी कोणी असं लेखी कळवलं आहे का, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या ऑडिटरला विचारायचं आहे.

दंडाचे आकडे आता दुर्लक्ष करण्यासारखे राहिलेले नाहीत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. ती मे २०२७ मध्ये संपते. म्हणजे २०२६-२७ या आर्थिक वर्षाची पगारपत्रकं, भागधारकांच्या याद्या आणि ग्राहकांची येणी ऑडिटरकडे जात असतील, नेमक्या त्या दिवसांत.